दहा नॅनोसेकंदांची शर्यत

२००० सालानंतरच्या काही वर्षांत नांदेड जिल्ह्यातल्या कंधारसारख्या तालुक्याच्या गावी संगणक सुरू होईनासा झाला की पहिला उपाय ठरलेला असे. पेटीचे झाकण काढायचे, रॅमच्या, म्हणजे स्मृतीच्या, पट्टीच्या दोन्ही टोकांच्या खिट्ट्या मागे सारायच्या, पट्टी उपसून घ्यायची, तिच्या कडेचे सोनेरी दात साध्या खोडरबराने घासायचे, पुसायचे आणि पट्टी परत खाचेत ठेवून दोन्ही अंगठ्यांनी दाबायची. खिट्ट्या आपसूक मिटल्या की पट्टी नीट बसली. पेटीतून लांब लांब बीप येत राहिले तर रॅम लागलेली नाही, एकच आखूड बीप आला तर सगळे ठीक, एवढे ज्ञान क्लासला महिनाभर आलेल्या पोरालाही असे.

त्या पट्टीवर एक कागदी लेबल असे आणि त्यावर एक आकडा. पीसी-१००, पीसी-१३३, पुढे डीडीआर-२६६, डीडीआर-४००. हा आकडा म्हणजे कारखान्याने दिलेली हमी : एवढ्या वेगापर्यंत ही स्मृती चुकणार नाही. ज्यांना कुतूहल होते ते संगणक चालू होताना डिलीटचे बटण दाबून बायोसच्या निळ्या पडद्यावर शिरत आणि हमीचा आकडा ओलांडून पाहत. यालाच ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. ओलांडून नेमके काय मिळाले, हे ठरावीक काम करायला लावून मोजणे म्हणजे बेंचमार्किंग. हा छंद तैवान, जपान, अमेरिकेतल्या हौशी मंडळींनी वाढवला हे खरे. पण स्मृतीचा वेग हीच यंत्राची खरी मर्यादा आहे, हा धडा महाराष्ट्रात त्याच्या कितीतरी आधी शिकला गेला होता. तो मुंबईत शिकला गेला, मग पुण्यात, आणि त्या धड्याचे धागे थेट आपल्या तालुक्यांपर्यंत येतात.

सुरुवात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत झाली. होमी भाभांच्या या संस्थेत १९५४ साली अमेरिकेतून गणिताची डॉक्टरेट घेऊन आर. नरसिंहन दाखल झाले आणि त्यांच्या नेतृत्वाखाली मूठभर तरुणांनी इलेक्ट्रॉनिक गणकयंत्र बांधायला घेतले. त्यांतल्या बहुतेकांनी तोवर संगणक वापरलेलाही नव्हता. आधी एक प्रायोगिक यंत्र झाले, ते १९५६ च्या अखेरीस चालू लागले. पूर्ण आकाराचे यंत्र फेब्रुवारी १९६० मध्ये कामाला लागले. १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचे नामकरण केले : टिफ्रॅक. २,७०० व्हॉल्व्ह, १,७०० जर्मेनियम डायोड, १२,५०० रोधक. एवढ्या पसाऱ्याला स्मृती किती? ४० बिटांचे २,०४८ शब्द. आजच्या हिशेबाने १० किलोबाइट. तुम्ही वाचत असलेल्या या लेखाचा चौथा हिस्सा त्यात जेमतेम मावला असता.

पण ती १० किलोबाइट कशी होती हे पाहण्यासारखे आहे. फेराइट नावाच्या चुंबकीय पदार्थाची बारीक कडी, तिच्यातून ओवलेल्या तारा. कडीतले चुंबकत्व एका दिशेला असेल तर शून्य, उलट दिशेला असेल तर एक. २,०४८ गुणिले ४० म्हणजे ८१,९२० बिट, आणि दर बिटाला स्वतंत्र कडी. कडी निवडायची युक्ती सुंदर होती. एका आडव्या तारेतून अर्धा प्रवाह सोडायचा, एका उभ्या तारेतून अर्धा. जिथे दोन्ही तारा एकमेकींना छेदतात तिथल्याच कडीला पूर्ण प्रवाह मिळतो आणि तिचे चुंबकत्व पालटते. बाकीच्या कड्यांना अर्धाच धक्का बसतो आणि त्या जागच्या हलत नाहीत. वाचताना कडीतली माहिती पुसली जाते, म्हणून वाचले की लगेच परत लिहावे लागते. हे वाचणे आणि परत लिहिणे मिळून टिफ्रॅकला सुमारे १५ मायक्रोसेकंद लागत.

यात एक मेख होती. तापमान वाढले की कडी पालटायला लागणारा प्रवाह कमी होतो. मग अर्ध्या प्रवाहातही नको ती कडी पालटण्याची भीती, आणि थंडीत पूर्ण प्रवाहालाही ती न पालटण्याची. म्हणजे प्रवाह फार कमी नको, फार जास्त नको, मधल्या एका पट्ट्यातच यंत्र खरे बोलते. हा पट्टा किती रुंद आहे हे कळायला एकच मार्ग : मुद्दाम त्याच्या कडेपर्यंत जायचे. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये व्हर्लविंड नावाच्या यंत्रावर जे फॉरेस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्युतदाब जाणूनबुजून वरखाली करून अशक्त झालेले व्हॉल्व्ह आधीच हुडकण्याची रीत बसवली होती. याच यंत्रात १९५३ साली फेराइट कड्यांची स्मृती पहिल्यांदा कामाला लागली. आजकाल रात्री जागून रॅमचे व्होल्टेज थोडे थोडे वाढवणारा मुलगा ज्या पद्धतीने जातो, ती हीच पद्धत. कडेपर्यंत जा, चूक कुठे सुरू होते ते पाहा, मग दोन पावले मागे ये. ओव्हरक्लॉकिंगला पोरखेळ म्हणणाऱ्यांनी ही वंशावळ जरूर ध्यानात घ्यावी.

टिफ्रॅक तयार झाले तोवर जग ट्रान्झिस्टरकडे वळले होते, आणि १९६४ मध्ये संस्थेत सीडीसी ३६०० हे अमेरिकी यंत्र आले. फेराइट कड्यांचे दिवसही पुढे संपले. आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांना १९६८ मध्ये एका साध्या रचनेचे पेटंट मिळाले : एक ट्रान्झिस्टर, एक धारित्र, म्हणजेच कपॅसिटर. धारित्रात विद्युतभार असला तर एक, नसला तर शून्य. १९७० मध्ये इंटेलने ११०३ ही १,०२४ बिटांची चिप बाजारात आणली आणि कड्या ओवण्याचा धंदा बसला. आजही तुमच्या टेबलावरच्या संगणकात डेनार्ड यांचीच रचना आहे, फक्त एका चिपमध्ये अब्जावधी वेळा.

या रचनेचा दोष तिच्या मुळातच आहे. धारित्र गळते. भार हळूहळू निघून जातो, म्हणून साधारणतः दर ६४ मिलिसेकंदांत प्रत्येक ओळ वाचून पुन्हा भरावी लागते. चिप ८५ अंश सेल्सियसच्या वर तापली तर गळती इतकी वाढते की हीच मुदत निम्मी, ३२ मिलिसेकंद करावी लागते. भरण्याचे काम चालू असताना स्मृती दुसऱ्या कामाला मिळत नाही. मे महिन्यात नांदेड-लातूरकडे पारा ४२-४३ अंशांवर जातो, खोलीत पंखा, पेटीत धूळ, आणि पेटीच्या आतली हवा खोलीहूनही तापलेली. थंडीत निर्धोक चाललेली रॅमची सेटिंग्ज उन्हाळ्यात दगा देतात त्याचे कारण इथे आहे.

आता पुण्याकडे. १९८० च्या दशकात भारताला हवामान आणि विज्ञान संशोधनासाठी क्रे कंपनीचे महासंगणक हवे होते. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेला हवे असलेले यंत्र अमेरिकेने दिले नाही. दिल्लीला हवामानाच्या कामासाठी मिळाले तेही मागितल्यापेक्षा कमी ताकदीचे आणि वापरावर बंधने घालून. या नकारातून १९८८ मध्ये प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजे सी-डॅक, पुण्यात उभे राहिले. प्रमुख होते डॉ. विजय भटकर, अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावचे. स्वतःचा महासंगणक बांधायला मुदत तीन वर्षांची.

क्रेच्या यंत्रांचा खरा डौल त्यांच्या स्मृतीत होता. अतिवेगवान, महागडी, सगळ्या गणनेला एकत्र पुरवठा करणारी स्मृती. तशी स्मृती बनवणे आपल्या आवाक्यात नव्हते आणि विकत मिळणारही नव्हती. सी-डॅकने वेगळी वाट धरली. ब्रिटनच्या इनमॉस कंपनीचा टी-८०० नावाचा ट्रान्सप्यूटर हा प्रोसेसर बाजारात मिळत होता. प्रत्येक ट्रान्सप्यूटरच्या पोटात ४ किलोबाइटची अतिवेगवान स्मृती, बाहेर त्याची स्वतःची साधी स्मृती, आणि शेजाऱ्यांशी बोलायला चार दुवे. असे ६४ ट्रान्सप्यूटर जोडायचे, काम वाटून द्यायचे, प्रत्येकाने आपल्याच स्मृतीत काम करायचे आणि लागेल तेवढेच शेजाऱ्याला कळवायचे. एका मोठ्या, वेगवान स्मृतीच्या ऐवजी अनेक छोट्या, साध्या स्मृती. सी-डॅकच्या परम ८००० या महासंगणकाची ही मूळ कल्पना. जगात इतरत्रही त्या काळी या दिशेने काम चालू होते, पण पुण्याच्या मंडळींकडे दुसरा पर्यायच नव्हता, आणि तरी त्यांनी ते ठरल्या मुदतीत करून दाखवले. या कामगिरीचा मला मनापासून अभिमान आहे.

या यंत्राला मान्यता मिळाली ती मोजणीतून. १९९० मध्ये झुरिकच्या महासंगणक प्रदर्शनात परमचा नमुना नेऊन त्यावर बेंचमार्क चालवले गेले. भाषणे, पत्रके यांनी कुणाची खात्री पटली नसती. जगभरच्या तज्ज्ञांसमोर ठरावीक गणिते घातली आणि घड्याळ लावले, तेव्हा भारताने महासंगणक केला आहे हे मानावे लागले. १९९१ मध्ये परम ८००० रीतसर तयार झाला आणि पुढे परदेशातही गेला.

झुरिकहून कंधारला यायला दहा-अकरा वर्षे लागली. १९९७ मध्ये भारत जागतिक व्यापार संघटनेच्या माहिती तंत्रज्ञान करारात सामील झाला आणि संगणकाच्या सुट्या भागांवरचे आयातशुल्क टप्प्याटप्प्याने उतरत २००५ पर्यंत शून्यावर आले. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, पुण्याची तपकीर गल्ली या बाजारांत मदरबोर्ड, रॅम, प्रोसेसर सुटे मिळू लागले. नांदेडकरांना मुंबईपेक्षा हैदराबाद जवळचे. सिकंदराबादच्या चिनॉय ट्रेड सेंटरमधून भाग आणायचे, रात्रीच्या गाडीने परत यायचे आणि गावात जोडून द्यायचे, हा अनेकांचा उद्योग झाला. २००१ मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झाले. त्याच्या उभारणीत डॉ. भटकरांचा वाटा होता आणि त्याची धुरा अनेक वर्षे विवेक सावंत यांनी वाहिली, तेही आधी सी-डॅकमध्येच होते. त्याच्या एमएस-सीआयटी या संगणक-साक्षरता अभ्यासक्रमाचे वर्ग तालुक्या-तालुक्यात निघाले. सरकारी नोकरीसाठी हे प्रमाणपत्र लागू लागले आणि ज्या पोरांनी कधी संगणक पाहिला नव्हता ती जोडलेल्या यंत्रांसमोर बसली. परम बांधणाऱ्यांपैकी काही माणसे आणि खोडरबराने रॅम घासणारी आमच्याकडची पोरे यांच्यात अंतर इतके थोडे होते.

हौशी ओव्हरक्लॉकिंगचा जगभरातला बहर नेमका याच सुमाराचा. १९९८ मध्ये इंटेलचा सेलेरॉन ३००ए आला. स्वस्त प्रोसेसर, वेग ३०० मेगाहर्ट्झ. तो मदरबोर्डच्या ६६ मेगाहर्ट्झच्या ठोक्याला साडेचारने गुणून चाले. तोच ठोका १०० वर नेला की प्रोसेसर ४५० वर. अॅबिटच्या बीएच-६ सारख्या बोर्डांवर हे बायोसमधूनच करता येई, जम्पर हलवायचीही गरज नसे. कितीतरी महाग प्रोसेसरचा वेग फुकटात. पण एक अडसर होता. त्या काळी रॅमही त्याच ठोक्यावर चाले. ६६ साठी बनवलेली जुनी पट्टी असली की प्रोसेसर तयार, रॅम नापास. पडदा गोठे, विंडोज निळे पडे आणि दोष प्रोसेसरला दिला जाई. पीसी-१०० ची अस्सल पट्टी घातली की तेच यंत्र सुतासारखे सरळ चाले. वेगाची वाट रॅममधून जाते, हे हजारो हौशी लोकांना त्या एका प्रोसेसरने शिकवले.

मग रॅमचीच परीक्षा सुरू झाली. लेबलवरच्या आकड्याच्या पलीकडे आणखी चार आकडे असतात, २-२-२-५ किंवा ३-४-४-८ असे लिहिलेले. स्मृतीची मांडणी ओळी आणि रकाने अशी असते. पहिला आकडा म्हणजे उघडलेल्या ओळीतला रकाना मागितल्यावर माहिती बाहेर यायला किती ठोके लागतात, त्याला कॅस लेटन्सी म्हणतात. दुसरा म्हणजे ओळ उघडून रकान्यापर्यंत पोहोचायला लागणारे ठोके, तिसरा ओळ मिटवायला लागणारे, चौथा ओळ किमान किती वेळ उघडी ठेवावी लागते तो. ठोके जलद करता येतात, पण धारित्रातला इवलासा भार ओळखायला जो वेळ लागतो तो लागतोच. म्हणून ठोके वाढवले की हे आकडेही वाढवावे लागतात, आणि ते न वाढवता ठोके वाढवू देणारी चिप म्हणजे सोने. डीडीआरच्या काळात विनबाँड कंपनीच्या बीएच-५ चिपला असा मान होता. नेमून दिलेला दाब अडीच व्होल्टच्या आसपास, हौशी लोक तिला ३.३ व्होल्ट आणि त्याहून जास्त देत, आणि ती २-२-२ चे आकडे न सोडता २५० मेगाहर्ट्झपर्यंत जाई. डीडीआर-४ मध्ये तीच कीर्ती सॅमसंगच्या बी-डाय चिपने मिळवली.

मोजण्याची साधने मोजकीच आणि फुकट होती. टोकियो विद्यापीठातल्या यासुमासा कानाडा यांच्या प्रयोगशाळेचा सुपर पाय हा कार्यक्रम १९९५ मध्ये विंडोजवर आला. तो पायचे दशांश काढतो, जास्तीत जास्त ३,३५,५४,४३२ दशांशांपर्यंत. प्रोसेसरच्या पोटातल्या छोट्या कॅशे स्मृतीत एवढे आकडे मावत नाहीत, म्हणून रॅमकडे सतत जावे लागते आणि रॅमचा वेग निकालात उतरतो. आणखी एक गुण असा की मधल्या एखाद्या पायरीवर हिशेब चुकला तर बहुधा कार्यक्रम चूक पकडून थांबतो. दुसरे साधन मेमटेस्ट८६, ख्रिस ब्रॅडी यांनी १९९४ मध्ये लिहिलेले. फ्लॉपीवरून किंवा सीडीवरून चालू करायचे. ते रॅमच्या प्रत्येक जागेत ठरावीक नमुने लिहिते, वाचते, उलटे लिहिते, पुन्हा वाचते. निळ्या पडद्यावर एखादी लाल ओळ उमटली की ती सेटिंग्ज बाद. पूर्ण फेऱ्या व्हायला रात्र जाते, आणि तेव्हाच्या मराठवाड्यात भारनियमन म्हणजे काय होते ते इथल्या वाचकाला सांगायला नको. रात्रभराची चाचणी पहाटे वीज जाऊन वाया जाणे हा इकडच्या हौशी मुलांचा नेहमीचा अनुभव. यूपीएस मिळवणे हे त्यांच्यासाठी नव्या रॅमइतकेच मोठे स्वप्न होते.

दरम्यान पुण्यात पुन्हा एक मोठे यंत्र उभे राहत होते. टाटा सन्सच्या पैशाने कॉम्प्युटेशनल रिसर्च लॅबोरेटरीज ही कंपनी निघाली. तिच्या उभारणीत आरंभी नरेंद्र करमरकर होते, रेषीय नियोजनाची गणिते सोडवण्याच्या १९८४ च्या प्रसिद्ध करमरकर रीतीचे कर्ते. या कंपनीच्या यंत्राने नोव्हेंबर २००७ मध्ये जगाला चकित केले. अमेरिकेतल्या रेनो शहरात जगातल्या ५०० सर्वांत वेगवान महासंगणकांची यादी जाहीर झाली, आणि चौथ्या क्रमांकावर पुण्याचे ‘एका’ नावाचे हे यंत्र होते. वर फक्त अमेरिकेची दोन आणि जर्मनीचे एक यंत्र. आशियात पहिले. त्याचे घटक बाजारात मिळणारेच : एचपीचे ब्लेड सर्व्हर, ३ गिगाहर्ट्झचे इंटेल झिऑन प्रोसेसर, इन्फिनिबँडची जोडणी, आणि एकूण १४,२४० गाभे. कागदावरची कमाल ताकद १७०.९ टेराफ्लॉप, प्रत्यक्ष मोजलेली ११७.९ (एक टेराफ्लॉप म्हणजे सेकंदाला एक लाख कोटी आकडेमोडी). महाराष्ट्रातल्या यंत्राला त्या यादीत एवढी वरची जागा तेव्हा पहिल्यांदाच मिळाली, आणि त्यानंतर आजवर भारताच्या कुठल्याही यंत्राला ती मिळालेली नाही.

११७.९ हा आकडा कसा काढला जातो हे समजून घ्यायला हवे, कारण पुढचा सगळा मुद्दा त्यात आहे. या मोजणीला लिनपॅक म्हणतात. जॅक डोंगारा यांनी १९७९ मध्ये एका पुस्तिकेच्या परिशिष्टात काही यंत्रांचे वेळ दिले, तिथून ही प्रथा निघाली आणि १९९३ पासून ५०० यंत्रांची यादी तिच्यावर चालते. काम एकच : प्रचंड संख्येने एकसामयिक समीकरणे सोडवणे. नववी-दहावीत आपण दोन चलांची सोडवतो, इथे लाखो चलांची. चले दुप्पट केली तर रॅम चौपट लागते, पण आकडेमोड आठपट होते. म्हणून हे गणित घालणारे यंत्रातली जवळपास सगळी रॅम भरेल एवढी चले घेतात. गणित जितके मोठे, तितकी रॅममधून आणलेल्या प्रत्येक आकड्यावर जास्त आकडेमोड होते आणि रॅमची सुस्ती झाकली जाते. लिनपॅकला रॅम भरपूर लागते, वेगवान लागेलच असे नाही.

खऱ्या कामांत असे भाग्य क्वचित मिळते. व्हर्जिनिया विद्यापीठाचे विल्यम वुल्फ आणि सॅली मॅकी यांनी १९९५ मध्येच इशारा दिला होता की प्रोसेसर दरवर्षी ज्या गतीने सुधारत आहेत त्या गतीने रॅम सुधारत नाही, आणि एक दिवस प्रोसेसर रॅमच्या भिंतीवर जाऊन आदळेल. मराठवाड्यात हे समजवायला वेळ लागत नाही : मोटार दहा अश्वशक्तीची बसवली तरी विहिरीत जितका झरा तितकेच पाणी. झरा मोजायचे साधनही त्याच काळात निघाले. डेलावेअर विद्यापीठात जॉन मॅककॅल्पिन यांनी १९९१ मध्ये स्ट्रीम हा बेंचमार्क लिहिला. आकड्यांची लांबलचक रांग एका जागेहून दुसरीकडे नक्कल करायची, गुणायची, दोन रांगांची बेरीज करायची, आणि शेवटी गुणाकार-बेरीज एकदम. बस. आकडेमोड नाममात्र, सगळी कसोटी रॅमची. मॅककॅल्पिन समुद्रप्रवाहांची प्रारूपे चालवत होते, आणि कागदावर वेगवान असलेली यंत्रे त्यांच्या कामात मंद का पडतात हे त्यांना कळून घ्यायचे होते. माझ्या मते संगणकाच्या मोजणीच्या इतिहासातला हा सर्वांत प्रामाणिक कार्यक्रम आहे.

टेबलावरच्या संगणकाच्या रॅमकडे याच नजरेने पाहू. पीसी-१०० ची चांगली पट्टी, कॅस लेटन्सी २ : ठोका १० नॅनोसेकंदांचा, म्हणजे २० नॅनोसेकंद. डीडीआर-४००, लेटन्सी २ : डीडीआरमध्ये एका ठोक्यात दोनदा माहिती जाते, म्हणून ठोका ५ नॅनोसेकंदांचा, म्हणजे १०. डीडीआर४-३२००, लेटन्सी १६ : ठोका ०.६२५ चा, म्हणजे १०. डीडीआर५-६०००, लेटन्सी ३० : ठोका एक तृतीयांश नॅनोसेकंदाचा, म्हणजे पुन्हा १०. वीस वर्षांत लेबलवरचा आकडा ४०० वरून ६,००० वर गेला, सेकंदाला वाहून नेण्याची क्षमता ३.२ गिगाबाइटवरून ४८ गिगाबाइटवर गेली, आणि पहिला थेंब हाती यायचा वेळ जागचा हलला नाही. टिफ्रॅकच्या १५ मायक्रोसेकंदांपासून इथवरची मजल अफाट आहे, पण ती या १० नॅनोसेकंदांपाशी येऊन अडली. जिथे कारखाने थांबले तिथे हौशी माणसे अजून झगडत आहेत. व्होल्टेज वाढवून, थंड हवा मारून, आकडे एकेक खाली आणून कुणी ८ च्या आसपास पोहोचतो, आणि त्याला जो आनंद होतो तो मला पूर्ण समजतो.

महासंगणकांच्या जगानेही अखेर हे मान्य केले. डोंगारा यांनीच मायकेल हेरू यांच्या साथीने २०१३ मध्ये एचपीसीजी हा दुसरा बेंचमार्क सुचवला, ज्यात रॅमची सुस्ती लपत नाही. जपानच्या फुगाकू या महासंगणकाने लिनपॅकवर ४४२ पेटाफ्लॉप (एक पेटाफ्लॉप म्हणजे हजार टेराफ्लॉप) दाखवले, तोच एचपीसीजीवर १६ वर उतरला. शंभरातले चारही नाहीत. बाकीच्या बहुतेक यंत्रांची गत याहून बरी नाही.

कंधारच्या शेतकऱ्याला याचे काय, असे कुणी विचारील. खूप आहे. हवामानाची प्रारूपे समुद्रप्रवाहांच्या प्रारूपांसारखीच असतात : हवेचे, बाष्पाचे, तापमानाचे अब्जावधी आकडे रॅममधून सतत आणायचे, थोडीशी आकडेमोड करायची, परत ठेवायचे. त्यांचा वेग झऱ्यावर ठरतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत २०१८ मध्ये प्रत्युष हा महासंगणक आला, २०२४ मध्ये ११.७७ पेटाफ्लॉपचा अर्का. मे २०२५ मध्ये भारत फोरकास्ट सिस्टम सुरू झाली आणि अंदाजाची चौकट १२ किलोमीटरवरून ६ किलोमीटरवर आली. १२ च्या चौकटीत मन्याड नदीच्या खोऱ्यातली बरीच गावे एकत्र पडत, ६ च्या चौकटीत त्यांचे वेगळेपण थोडे तरी दिसू लागेल. सोयाबीनची पेरणी आज करायची की चार दिवसांनी, या प्रश्नाची उकल पुण्यातल्या रॅमच्या वेगावर अवलंबून आहे, हे अलंकारिक बोलणे नाही.

म्हणून नांदेड-लातूर-कंधारच्या महाविद्यालयांतल्या संगणक विभागांना एक विनंती. दर काही वर्षांनी तुमच्याकडचे जुने संगणक निर्लेखनात निघतात. त्यांतले दोन-तीन भंगारात न देता मुलांच्या हाती द्या आणि बायोस उघडायची मोकळीक द्या. स्ट्रीम फुकट मिळतो, मेमटेस्ट८६ वरून निघालेला मेमटेस्ट८६+ फुकट मिळतो. आधी हमीच्या आकड्यांवर मोजायला सांगा, मग एकेक आकडा बदलून, मे महिन्यात एकदा आणि डिसेंबरात एकदा. प्रत्येक मोजणी तारीख, तापमान, व्होल्टेज आणि चुकांच्या संख्येसह वहीत लिहून ठेवायला लावा, आणि ती वही पुढच्या वर्षीच्या मुलांना द्या.